पानाफुलांना तरी हराम ठरवू नका

लंडनच्या क्यू बागेत एका बाईच्या चित्रांचं प्रदर्शन १८८२ साली मांडलं गेलं आणि ते आजतागायत उतरवलेलं नाही. बाईचं नाव मेरियन नॉर्थ. खास या चित्रांसाठी बांधलेलं दालन आहे. भिंतींवर वरपासून खालपर्यंत, चौकटीला चौकट भिडवून ८०० हून अधिक तैलचित्रं लावली आहेत. जवळपास सगळी झाडांची, फुलांची, फळांची. ज्या देशातलं झाड त्या देशाच्या वाट्याला आलेल्या भिंतीवर त्याचं चित्र. ब्राझील, जमैका, जपान, बोर्निओ, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत. चित्रांखाली २४६ जातींच्या लाकडाच्या फळ्या बसवलेल्या. इमारतीचा खर्च तिने स्वतः केला आणि कोणतं चित्र कुठे लावायचं तेही तिनेच ठरवलं. प्रदर्शन बघायला येणाऱ्यांना चहा-कॉफी मिळावी अशी तिची इच्छा होती. बागेचे संचालक जोसेफ हूकर यांनी नकार दिला, तेव्हा तिने दारांवर चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून ठेवलं. बाईचा हा फटकळपणा मला फार आवडतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या नाशकातल्या काही मुलींना मी यातली चित्रं मोबाइलवर दाखवली. आठवीतली एक मुलगी, जिचा हात खरोखर चांगला आहे, बराच वेळ स्क्रीन मोठी करून करून बघत राहिली. मग म्हणाली, "बाजी, तसवीर बनाना तो गुनाह है ना?" तिच्या आईने तिला चित्रकलेच्या वर्गातून काढलं होतं. आईला कोणीतरी ते सांगितलं होतं. त्या कोणीतरीला आणखी कोणीतरी.

याच चित्रांविषयी ओळखीच्या एका सुशिक्षित बाईंशी बोलताना त्यांनी विचारलं, "पण ताई, तुमच्यात चित्रं चालतात का हो?" प्रश्नात वाईट हेतू नव्हता. मात्र त्या आईचं उत्तर आणि या बाईंचा प्रश्न एकाच अज्ञानातून आलेत. दोघींनाही ठाम वाटतं की इस्लाम आणि चित्र यांचं वैर आहे. एक त्या वैराचं पालन करते, दुसरी त्याची कीव करते. मला दोघींशी भांडायचं आहे. पहिलीशी जास्त, कारण तिच्या घरातली मुलगी त्यात भरडली जाते.

आधी धर्माचंच बघू, कारण वर्गातून मुलगी काढताना नाव धर्माचं घेतलं गेलं.

चित्रांच्या मनाईची हदीस सांगणारे खूप भेटतात. तिचाच पुढचा भाग सांगणारे मात्र क्वचित. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सहीह संग्रहांत तो आहे. हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे एक माणूस आला. म्हणाला, माझं पोट माझ्या हातावर आहे, मी चित्रं करतो. इब्ने अब्बास यांनी त्याला सजीवांच्या प्रतिमा करणाऱ्यांविषयी प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा सांगितला. माणसाचा चेहरा उतरला. तेव्हा इब्ने अब्बास त्याला म्हणाले की तुला हेच काम करायचं असेल तर झाडांची चित्रं कर, ज्यांत रूह नाही अशा वस्तूंची कर. हा प्रसंग बुखारीत कुठल्या प्रकरणात येतो ते बघण्यासारखं आहे. खरेदी-विक्रीच्या. म्हणजे प्रश्न एका कारागिराच्या रोजीरोटीचा होता आणि उत्तर देणाऱ्याने त्याचा धंदा बंद पाडला नाही. त्याला झाडाकडे वळवलं.

कोणी म्हणेल, उलेमांत मतभेद आहेत. असतील ना. सजीवांच्या चित्रांवर आहेत, फोटोवर आहेत, मुलांच्या बाहुल्यांवर आहेत. झाडांच्या बाबतीत मतभेद किती? इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमवरच्या आपल्या भाष्यात हा मुद्दा घेतला आहे. झाडाचं चित्र हराम नाही, ही बहुतेक सर्व विद्वानांची भूमिका आहे. वेगळं मत नोंदलं जातं ते मुजाहिद यांचं. फळं देणाऱ्या झाडाचं चित्र त्यांना नापसंत होतं. म्हणजे सगळ्या परंपरेतला सर्वांत कडक माणूस धरला, तरी आंबा-डाळिंब बाजूला ठेवून तुमच्या मुलीला कडुलिंब, गुलमोहर, तगर, मोगरा, बाभूळ आणि सह्याद्रीतली अर्धी रानफुलं काढायला मोकळीक उरते. जुन्या नाशकातल्या त्या आईने मुलीला वर्गातून काढलं तेव्हा ती मुजाहिद यांच्याही पुढे गेली होती, आणि हे तिला कोणी सांगितलंच नाही.

ही नुसती किताबातली गोष्ट नाही. आठव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा वलीद यांनी दमास्कसची मोठी मशीद बांधली. तिच्या भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीवर झाडंच झाडं आहेत. नदी आहे, घरं आहेत, माणूस आणि जनावर मात्र एकही नाही. ज्यांना प्रतिमांचं बंधन पाळायचं होतं त्यांनी भिंत कोरी ठेवली नाही, झाडांनी भरली. इतकं लांब जायचं नसेल तर औरंगाबादेत बीबी का मकबरा बघा. दिलरस बानूच्या या कबरीवर सतराव्या शतकातल्या कारागिरांनी चुन्याच्या गिलाव्यात आणि दाराच्या पितळी पत्र्यावर जी वेलबुट्टी काढली, ती बांधवणारा घराण्याचा प्रमुख औरंगजेब होता. संगीत आणि तसवीर यांवरून ज्याचं नाव आजही दोन्ही बाजूंनी पुढे केलं जातं, त्याच्या घरातल्या कबरीवर फुलं चालली. आपल्याकडे ड्रॉइंगच्या वहीत चालत नाहीत.

आणि वहीत चालत नाहीत ती कोणाच्या घरात? ज्या घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हजारभर फोटो आहेत. लग्नात ड्रोन उडवतात, वलीम्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतात, दुकानाच्या पाटीवर मालकाचा हसरा चेहरा छापतात. पासपोर्ट, आधार, हजचा अर्ज, सगळीकडे चेहरा लागतो आणि सगळे तो देतात. मला त्यावर आक्षेप नाही. पण चेहऱ्याला रान मोकळं आणि जास्वंदीला मनाई, हा हिशोब कुठल्या मजहबचा?

मला जे दिसतं ते सांगते. खरा आक्षेप चित्राला नाहीच. चित्र काढायला मुलगी तासभर एका जागी बसते. त्या तासात ती कोणाचं काम करत नाही, कोणाशी बोलत नाही, एका पानाकडे टक लावून बघत असते आणि स्वतःच्या मनाने ठरवत असते की ही शीर इथे वळते की तिथे. घरातल्या मोठ्यांना हा तास खटकतो. तोच तास तिने रुमालावर भरतकाम करण्यात घालवला तर कौतुक होतं, कारण रुमाल जहेजमध्ये जातो. भरतकामात तीच फुलं असतात, तीच वेल, तीच कैरी. फरक एवढाच की भरतकाम घराचं असतं आणि चित्र तिचं स्वतःचं. म्हणून त्याला हराम हा शब्द लावला जातो. तो शब्द लावला की पुढे वाद घालायची कोणाची हिंमत होत नाही.

आता त्या दुसऱ्या बाईंकडे वळते. तुमच्यात चित्रं चालतात का?

बाई, आमच्यात नाही, आपल्यात. या देशात फुलाकडे फूल म्हणून बघून त्याचं चित्र काढायची जी मोठी परंपरा आहे तिच्यातलं एक ठळक नाव उस्ताद मन्सूरचं आहे. जहांगीरने त्याला नादिर-उल-अस्र हा किताब दिला होता. १६२० साली बादशहा काश्मीरला गेला तेव्हा मन्सूरने तिथली शंभरावर फुलं रंगवली, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांतली फारच थोडी उरली. एक लाल ट्युलिप अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मेरियन नॉर्थच्या अडीचशे वर्षं आधीची ही गोष्ट.

याच जहांगीरच्या काळात नादिरा बानू नावाची एक चित्रकार होती. मीर तकीची मुलगी, आका रिझाची शागीर्द. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात गुलशन मुरक्का नावाचा चित्रसंग्रह आहे, त्यात तिची कामं आहेत. युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून तिने ती केलीत. ती फुलांची चित्रकार होती असा माझा दावा नाही. माझा मुद्दा साधा आहे. चारशे वर्षांपूर्वी एका मुसलमान बापाची मुलगी एका मुसलमान उस्तादाकडे चित्र शिकत होती, आणि कामावर तिचं नाव राहिलं. साहिफा बानू हेही त्याच काळातलं असंच एक नाव. आज त्याच समाजातली आठवीतली मुलगी आपण गुनाह तर करत नाही ना, असं मला विचारते. मागे कोण गेलं?

पुढची गोष्ट जास्त बोचणारी आहे. १७७७ ते १७८२ या काळात कलकत्त्यात सर न्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी आपल्या बागेतले पक्षी, प्राणी आणि झाडं रंगवून घेतली. तीनशेहून जास्त चित्रं झाली. काढणारे तिघे, शेख जैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. तिघेही पाटण्याकडचे. जैनुद्दीनची चित्रं बघाल तर पक्ष्याइतकंच तो बसलेल्या फांदीकडेही बघत राहाल. पाना-पानावरची किडीने खाल्लेली भोकंसुद्धा त्याने सोडली नाहीत. हा संच जगभर इम्पी यांच्याच नावाने ओळखला जातो. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये २०१९-२० साली अशा चित्रकारांना त्यांच्या नावानिशी पुढे आणणारं प्रदर्शन भरलं. म्हणजे सव्वादोनशेहून जास्त वर्षं लागली.

पुण्याजवळच्या दापोडीची कथा त्याहून वाईट. तिथे मुंबई सरकारची वनस्पती बाग होती, अलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक. १८४७ ते १८५० या काळात त्याने बागेतल्या झाडांची चित्रं करून घेतली. ती आता स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाकडे आहेत. चित्रं अप्रतिम आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच नोंद आहे, नाव नाही. महाराष्ट्रातल्या झाडांची इतकी देखणी चित्रं काढणारा माणूस कायमचा बिननावाचा राहिला.

म्हणून मला मेरियन नॉर्थचं कौतुक करताना जरा जपून करावंसं वाटतं. तिच्या कामाबद्दल शंका नाही. जलरंगात पांढऱ्या कागदावर एकटं फूल काढायची त्या काळातली रीत सोडून तिने तैलरंगात झाड त्याच्या जागेवर रंगवलं, मागे डोंगर, शेजारी दुसरी झुडपं, वर आभाळ. सारवाकमध्ये तिने रंगवलेली एक कलशासारखी कीटकभक्षी वनस्पती युरोपातल्या जाणकारांच्या ओळखीची नव्हती. चित्र बघून मग माणूस पाठवला गेला, नमुने आणले गेले आणि हूकरने त्या वनस्पतीला तिचं नाव दिलं, नेपेंथिस नॉर्थियाना. चित्रावरून वनस्पतीचा शोध लागला. हे लहान काम नाही.

पण तिच्यावर बोलताना जो सूर लागतो, एकटी बाई, निधडी छाती, जग फिरली, त्यात बरंच गाळलं जातं. तिचे वडील खासदार होते. १८६९ साली ते गेले आणि ती पैशाच्या चिंतेतून मोकळी राहिली. लग्न केलं नाही, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. १८७७ ते १८७९ या काळात ती भारतात फिरली तेव्हा हातात ओळखपत्रं होती आणि वाटेत साहेब लोकांचे बंगले होते. ताजमहाल तिने रंगवला, देवदार रंगवले. सामान वाहणारे, फांदी तोडून आणणारे, झाडाचं देशी नाव सांगणारे माळी आणि हमाल असणारच. क्यूच्या भिंतीवर त्यांचं काही नाही. परत गेल्यावर १८७९ साली लंडनच्या काँड्युइट स्ट्रीटवर खोली भाड्याने घेऊन तिने ही चित्रं लोकांना दाखवली. दालन बांधायला तिला वास्तुकार मिळाला तो जेम्स फर्ग्युसन, ज्याने हिंदुस्थानातल्या लेण्यांवर पुस्तकं लिहिली, ज्यात आपली पांडवलेणीही आहेत. दालनाभोवतीचा व्हरांडा बघितला तर आपल्या कँपातला एखादा जुना बंगला आठवेल.

तिच्याही आधीची मारिया सिबिला मेरियन मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटते. १६९९ साली, बावन्न वर्षांची असताना, ही जर्मन बाई धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली आणि तिथले किडे आणि झाडं रंगवून आली. १७०५ साली पुस्तक काढलं. त्यात शंकासुराचं चित्र आहे. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला असतो तोच, लाल-पिवळ्या फुलांचा. त्यासोबत तिने लिहून ठेवलं आहे की गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपलं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून, आणि हे तिला त्या बायकांनीच सांगितलं. फुलाच्या चित्रात एवढं मावू शकतं. त्या बायकांची नावं तिनेही दिली नाहीत, पण त्या आहेत एवढं तरी कळतं.

या सगळ्याचा जुन्या नाशकातल्या मुलीशी संबंध काय? हाच, की "बघ, ती बाई जगभर फिरली, तू का नाही करू शकत?" असलं भाषण तिच्यासमोर कोणी ठोकू नये. त्या बाईकडे खोली होती, पैसा होता, साम्राज्य होतं. जैनुद्दीनकडे हात होता आणि मालकीण होती. नादिरा बानूकडे बाप होता आणि उस्ताद होता. आमच्या मुलीकडे हात आहे. बाकीचं द्यायचं काम तिचं नाही, आपलं आहे. आणि आपण काय देतो? फतवा, तोही चुकीचा.

नाशिकमध्ये बसून हे लिहिताना एका नावाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मोगल काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे पेशवाईत नाशिक हे नाव परत रूढ झालं, तरी इथल्या टांकसाळीच्या रुपयांवर गुलशनाबाद हेच नाव पडत राहिलं. मला नाशिक हे नाव बदलायचं नाही, ते आधीचं आहे आणि माझंही आहे. पण आजकाल गुलशनाबाद म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. जणू कोणी तलवार काढली. शहराला फुलबाग म्हणणं हा अपमान कसा होतो ते मला कोणी तरी समजावून सांगावं. दुसऱ्या बाजूला आमचे काही तरुण हेच नाव छाती काढून घेतात आणि घरी येऊन बहिणीची रंगपेटी कपाटावर ठेवतात. त्यांचं गुलशनाबाद तेवढंच, स्टेटसपुरतं.

बाईचं नाव भिंतीवर लिहिण्याची या शहराला नवलाई नाही. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. दुसऱ्या शतकातली सातवाहन राणी, मुलाचा पराक्रम सांगते आणि दान देणारी म्हणून स्वतःचं नाव दगडात कोरून घेते. तिथून ते आमच्या मोहल्ल्यापर्यंत काही किलोमीटर अंतर आहे.

एक आक्षेप राहिला, आणि तो घेणारी माणसं वाईट नसतात. चित्र काढून करणार काय? पोट भरतं का?

वनस्पतिशास्त्राला चित्रकार आजही लागतात. कॅमेरा आला म्हणून ते काम संपलं नाही. फोटोत एका दिवसाचं एक फूल येतं, त्याचा वाळलेला कोपरा आणि मागचा कचरा यांसकट. चित्रात जूनमधली पालवी, सप्टेंबरमधलं फूल आणि डिसेंबरमधली शेंग एका पानावर येते. फूल उभं चिरून आतले पुंकेसर किती आणि कसे हे दाखवता येतं, बाजूला मोजपट्टी देता येते. नव्या जातीचं वर्णन छापताना म्हणून आजही अशी रेखाटनं दिली जातात. आणि नव्या जाती काही फक्त बोर्निओत सापडत नाहीत. त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी घ्या. कंदीलपुष्पाची एक जात तिथे सापडली आणि तिला डोंगराचंच नाव मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. कागदी कंदिलासारखं इवलंसं फूल, पावसाळ्यात येतं आणि जातं. नाशिकच्या किती मुलींनी ते बघितलंय? किती शाळांनी ते फळ्यावर काढलंय?

शिवाय डोंगरावर जायचीही गरज नाही. परदा, वेळ, सोबत, सगळे प्रश्न मला ठाऊक आहेत. तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा गॅलरीत असतो. कढीपत्ता असतो. आणि मेहंदी असते, निदान शब्दात तरी. चांदरातीला आमच्या मुली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हातावर कोन चालवतात. पानं, कळ्या, वेली, एकही रेघ न खोडता, आणि त्याचे पैसे मिळवतात. त्या हाताला पेन्सिल हराम आणि कोन हलाल, हे मला पटत नाही. त्यांतल्या कितीजणींनी मेहंदीचं फूल बघितलंय हे मी विचारलं होतं. एकीनेही नाही. मेहंदीच्या फुलाला चार चुरगळलेल्या पाकळ्या असतात, फूल भाताच्या दाण्याहून थोडं मोठं, वास इतका गोड की गुलहिना अत्तर त्याचंच काढतात. अत्तर दर्ग्याबाहेर मिळतं. कोन हातात असतो. मधलं झाड मात्र कोणी बघितलेलं नाही, कारण बघायला शिकवणारा जो विषय होता तोच आपण बंद केला.

ज्या पालकांना पुढे काय हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी एक कोरडा हिशोब. शासकीय रेखाकला परीक्षांतली इंटरमिजिएट पास झाली की श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. एकेका टक्क्यासाठी क्लासला हजारो रुपये भरणारे पालक हे गुण हराम म्हणून सोडून देतात. या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, त्यात माणसं काढावी लागतात, हा आक्षेप मी ऐकला आहे. तो निदान खरा आक्षेप आहे, त्यावर जाणत्या आलिमाशी बोला, वेगवेगळी मतं ऐका आणि मग ठरवा. पण त्या एका पेपरसाठी मुलीचा सगळा हात बांधून ठेवू नका. परीक्षा नाही दिली तरी वही राहू द्या.

मोहल्ल्यातल्या कमिट्यांनाही एक विचारायचं आहे. रबिउल अव्वलमध्ये नातखानीच्या स्पर्धा होतात, किरअतच्या होतात, मुलींच्याही होतात, चांगलं आहे. त्यातच एक स्पर्धा कुरआनात आलेल्या झाडांच्या चित्रांची ठेवायला काय हरकत आहे? अंजीर आहे, जैतून आहे, खजूर, डाळिंब, द्राक्षं, बोर, रैहान. (मुजाहिद यांचा मान ठेवायचा असेल तर नुसतं रैहान काढा, म्हणजे आपली सब्जा-तुळशीच्या कुळातली सुगंधी पानं.) जैतून सोडलं तर यातलं बरंचसं नाशिक जिल्ह्यात शेतावरच उभं आहे, द्राक्षाची तर गोष्टच सोडा. मुलींनी काढलेली चित्रं मग मोहल्ल्यातच ठेवू नका. गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शनं भरतात, तिथे एक दिवसाची जागा घ्या. प्रत्येक चित्राखाली मुलीचं पूर्ण नाव, झाडाचं मराठी नाव, उर्दू नाव आणि शास्त्रीय नाव लिहा. "तुमच्यात चित्रं चालतात का" विचारणाऱ्या बाईंना आमंत्रण मी स्वतः देईन.

आणि येणाऱ्यांना चहा ठेवा. त्यासाठी कुठल्या हूकरची परवानगी लागणार नाही.

शाळा सुरू झाली की रेखाकला परीक्षेचे फॉर्म वर्गात येतात. त्यावर पालकांची सही लागते. त्या आठवीतल्या मुलीच्या आईशी मी दोनदा बोलले आहे. दुसऱ्यांदा तिने हदीसचा क्रमांक विचारून कागदावर लिहून घेतला, मशिदीत विचारून बघते म्हणाली.